मशीननं घेतलेला आळ

प्रवासाला निघताना लोक देवापुढं सुपारी ठेवतात. मी बॅगेत व्होल्टेज मोजायचा मीटर टाकते. स्वभावच संशयी. दूधवाल्यानं पिशवी दारात ठेवली तरी मी ती उलटी करून बघते, आणि आमचे हे सांगतात की आमच्या लग्नात मी भटजींकडंसुद्धा संशयानं बघत होते. ते खरं आहे. त्यांनी दोन मंत्र गाळले असं मला अजून वाटतं.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी काम करते. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा प्रोग्राम आम्ही बनवतो आणि तो चालवायचं मशीनही आम्हीच जुळवून देतो. प्रोग्राममधला पडद्यावर चित्र काढणारा भाग माझा. जालना जिल्ह्यात वाटूरला आमचा एक गिऱ्हाईक स्टुडिओ आहे. तिथून महिनाभर तक्रारी येत होत्या: मिक्सिंग करताना पडदा काळा होतो, प्रोग्राम बंद पडतो, केलेलं काम जातं. फोनवर सगळे उपाय करून झाले, तेव्हा साहेब म्हणाले, "वृंदा, जाऊन ये. ऑपरेटरची चूक असेल तर रिपोर्टात स्पष्ट लिही." त्यांच्या बोलण्यात 'असेल तर' फारच पटकन येऊन गेलं, तेव्हाच मला खटकलं होतं.

वाटूर फाटा

जालन्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पुढं मंठ्याकडं जाणारी बस घेतली. फेब्रुवारीचे दिवस, दोन्ही बाजूंना काळी जमीन. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मधेच शाळू ज्वारीचं हिरवं शेत, मधेच मोसंबीची बाग. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडं दहा पावलं सरळ जमीन मिळत नाही, वळणाआड काय आहे ते वळल्याशिवाय कळत नाही. इथं नजर टाकली की ती थेट आभाळाला जाऊन भिडते. एवढं सगळं उघडं बघून मला उलट अस्वस्थ वाटायला लागलं, की हे लोक लपवतात तरी कुठं?

कंडक्टर म्हणाला, "म्याडम, फाटा आला की मी आवाज देतो, बसून राहा बिलकुल." माझा कंडक्टरवर विश्वास नव्हता, फोनवरच्या नकाशावर होता. नकाशानं सांगितलं तिथं मी बस थांबवून उतरले. समोर एक विहीर, एक लिंबाचं झाड, आणि दुसरं काही नाही. अर्धा तास पाय ओढत चालल्यावर मोसंबीचा टेंपो थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, "हिकडं कामून उतरल्या?" मी नकाशा दाखवला. तो हसला नाही, पण एक मोसंबी हातात ठेवली. मी ती आधी हुंगली, पुसली, मग खाल्ली. साखरेसारखी गोड होती आणि मला माझीच लाज वाटली.

स्टुडिओ फाट्यावरच, खताच्या दुकानाशेजारी. मालक बबनराव पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. बाहेरच्या खोलीत नवरा-नवरीचे मोठाले फोटो. आतल्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, कारण तिथं मशीन असतं. त्याला रोज सकाळी हार आणि उदबत्ती. उदबत्तीचं घर ठेवलेलं होतं थेट पंख्याच्या जाळीसमोर.

सापडलं, म्हटलं. झाकण उघडलं तर पंख्यात राखेचा थर. मी तो साफ केला, अर्धा तास मशीन राबवलं, तापमान बघितलं. उगीच गार होतं बिचारं. व्होल्टेज मोजलं, इन्व्हर्टर तपासला, सगळं ठीक. मग मी बबनरावांकडं बघायला लागले. मशीनवर कुणी गेम खेळतं का, कुठली चोरीची सॉफ्टवेअरं टाकलीत का, असं चार बाजूंनी विचारलं. माणूस सरळ निघाला. अल्बमचा एक प्रोग्राम तेवढा दुसऱ्या कंपनीचा होता, तोही पावतीसह.

"म्याडम, मशीनचा कायबी दोष न्हाई," शेवटी ते म्हणाले. "आमच्याकडं पुरावा हाय."

त्यांनी फोनमधला एक फोटो उघडून माझ्यापुढं धरला. काळ्या पडद्यावर पांढरी चौकट, चौकटीत एक ओळ: 'वापरातील चुकीमुळे प्रोग्राम बंद होत आहे.'

"मशीनच सांगून राह्यलं, वापरणाराची चूक. वापरणारी एकच, सविता. चार वर्षं चांगली होती, मंग काय झालं देव जाणे. परतूरच्या स्टुडिओवाल्यानं फितवली आसंल. नवरीकडचे लोक इथं बसलेले असताना चौथ्यांदा बंद पडलं, तवा म्या सगळ्यांसमोरच म्हणलं, बाई, तू घरी जा."

मी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. ती ओळ माझी होती. काही वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. प्रोग्रामला न ओळखता येणारं काहीही घडलं, तर काहीतरी दाखवायला हवं म्हणून सगळ्या अडचणींच्या यादीच्या शेवटी मी ती घातली होती, आणि घरी जाऊन आमटीला फोडणी दिली होती. ती ओळ कुणी वाचेल असं मला वाटलंही नव्हतं. वाटूरमध्ये ती वाचली गेली आणि तिच्या आधारावर एका बाईला खुर्चीवरून उठवलं गेलं.

हे बबनरावांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

मशीनच्या नोंदी उघडल्या. आता हे थोडं समजून घ्या. चित्रं काढायला मशीनमध्ये एक वेगळं कार्ड असतं. बबनरावांचे मेव्हणे अंकुशनगरला ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम आहेत, म्हणून मी त्यांना त्याच भाषेत सांगितलं. कार्ड म्हणजे टोळी आणि ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम म्हणजे तिचा मुकादम. मिक्सिंगचा प्रोग्राम, अल्बमचा प्रोग्राम, सगळे आपापलं काम मुकादमाकडं देतात. एखाद्या कामात टोळी अडकली आणि ठरल्या वेळात हललीच नाही, तर मुकादम सगळं थांबवतो, सगळ्यांचंच काम खाली टाकायला लावतो आणि टोळी नव्यानं उभी करतो. याला रीसेट म्हणतात. ज्याची काही चूक नव्हती त्याचंही चित्र त्या घडीला जातं. शहाण्या प्रोग्रामनं तेव्हा मुकादमाला विचारायचं असतं, की रीसेट झालं का, आणि माझ्यामुळं झालं की दुसऱ्यामुळं? दुसऱ्यामुळं असेल तर सगळं परत मांडून पुढं चालायचं. आपल्यामुळं असेल तर तेच ओझं परत टोळीच्या डोक्यावर द्यायचं नाही. देत राहिलं तर मुकादम एक दिवस त्या प्रोग्रामला दारच बंद करतो.

नोंदींमध्ये बारा रीसेट सापडले, चार वेळा बंद पडताना दर वेळी तीन. बाराही वेळा मुकादमानं आमच्याच प्रोग्रामचं नाव लिहिलं होतं.

"याच्यावर जाऊ नका," मी बबनरावांना म्हटलं. "ड्रायव्हरचं असंच असतं. त्या वेळी खुर्चीत जो बसलेला सापडेल त्याच्या नावावर ढकलून मोकळा होतो."

"बराबर," बबनराव म्हणाले.

सविताचं घर

दुपारी मी सविताकडं गेले. तिची बाजू ऐकायला, असं बबनरावांना सांगितलं. खरं म्हणजे तिला पकडायला. तिनं काही केलेलं निघालं असतं तर माझी ती ओळ खरी ठरली असती, आणि मला परतीच्या बसमध्ये झोप लागली असती.

गावाबाहेर पत्र्याचं घर. सविता तिशीची, अंगानं बारीक, बोलणं कमी. तिचे वडील सखाराममामा दारात लोकर निवडत बसले होते. पूर्वी त्यांच्याकडं मोठा कळप होता, आता दहा-बारा मेंढ्या आणि थोडी कपाशी. मी कोण ते सांगितल्यावर सवितानं आधी पाणी दिलं, मग पिठलं टाकलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडं पाहुण्याला आधी विचारतात, जेवणार का? इथं ताट समोर ठेवूनच बोलायला सुरुवात करतात. तोंड भरलेलं असताना उलटतपासणी घेता येत नाही, हे मला तिथं कळलं.

"तू नेमकं काय करत होतीस, तेव्हा बंद पडायचं?" शेवटी मी विचारलंच.

ती आत गेली आणि शाळेची वही घेऊन आली. प्रत्येक वेळी काय करत होती, किती वाजले होते, पडदा काळा झाल्यावर काय दिसलं, सगळं लिहिलेलं. बाराच्या बारा वेळा.

"स्क्रीन काळी पडती, मंग अल्बमचं परत येतंय जिथल्या तिथं. तुमचं तेवढं येत न्हाई," ती म्हणाली. "नावाच्या पट्ट्या टाकते तवाच व्हतंय. म्या चार बार सगळे नावं टाईप केले, ताई. चार बार."

मी वही उलटीसुलटी करून पाहिली. शाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रंगाची. नंतर एका बैठकीत लिहिली असेल, असं माझ्या मनात आलंच. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"पेन एकच हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

सखाराममामा लोकर निवडता निवडता ऐकत होते. त्यांनी मला विचारलं की मशीन बंद पडतं म्हणजे काय होतं. मी मुकादमाची गोष्ट त्यांनाही सांगितली. त्यांनी मान हलवली.

"कळप बिथरला तर आमी बी तसंच करतो. सगळे गोळा करायचे. ज्यायचा दोष न्हाई ते मेंढरं लगेच चाऱ्याला लावायचे, त्याह्यला कशाला उपाशी ठिवायचं? बिथरवणारं एखादंच राहतंय. ते वळखायचं आन् बांधायचं." मग लोकरीतला काटा काढत ते म्हणाले, "पर वळखल्याबिगर बांधू नये. माझ्या पोरीला वळखल्याबिगर बांधलं."

सविता म्हणाली, "परतूरला दोन स्टुडिओत जाऊन आल्ते. ते म्हणले, वाटूरचं मशीनच तुझं नाव सांगून राह्यलं, आमच्या मशीनला हात नको लावू. मला दुसरं काम येत न्हाई, ताई. आन् हेच आवडतंय."

मी वही मागून घेतली. तिनं दिली. फोटो काढून परत करा, असंही म्हणाली नाही.

पिंपळगाव रेणुकाई

दुसऱ्या दिवशी माझा संशय एका पेन ड्राइव्हवर होता. ज्या लग्नाच्या व्हिडिओवर प्रोग्राम बंद पडत होता, ते लग्न झालं होतं नवरीच्या गावी, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला, आणि नवरीच्या मामानं स्वतःच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून स्टुडिओला दिलं होतं आणि ड्राइव्ह परत नेला होता. खराब फाइलनं कार्ड अडकू शकतं. सविता नाही, मी नाही, मामा. मला हे फारच सोयीचं वाटलं. बबनरावांनाही नवरीच्या वडिलांची समजूत घालायची होती, म्हणून त्यांच्या जीपनं आम्ही निघालो.

जालना मागं टाकलं की भोकरदनकडं जमीन जरा वरखाली होते, डोंगराची चाहूल लागते. बबनराव वाटेत लागेल त्या प्रत्येक देवळाला जीपमधूनच नमस्कार करत होते, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून. मी प्रत्येक देवळाला त्यांच्यापेक्षा जास्त मनापासून हात जोडले.

रेणुकामातेचं दर्शन घेऊन भास्कररावांच्या, म्हणजे नवरीच्या वडिलांच्या घरी गेलो. मोठं शेत, मोठं अंगण, मोठा आवाज. "व्हिडिओ आणला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं, तरी पानं वाढली गेलीच. येसर आमटी आणि भाकरी. येसर म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-धान्याचा आणि मसाल्यांचा कोरडा मसाला. इकडं लग्नाच्या पंगतीत त्याच्या आमटीशिवाय चालत नाही. रत्नागिरीत आम्ही ओल्या नारळाशिवाय आमटीला आमटी म्हणत नाही, म्हणून मी पहिला घोट शंकेनंच घेतला. तिसरी वाटी मी स्वतः मागितली.

जेवण झाल्यावर मामांचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. एकूण एक फाइल तपासली. सगळ्या धडधाकट. कारण नसताना मला मामांचा राग आला.

तेवढ्यात भास्करराव एक वही घेऊन आले. "हे बघा म्याडम, याच्यातला एक बी माणूस सुटता कामा न्हाई." लग्नात ज्यांना ज्यांना टॉवेल-टोपी देऊन मान दिला, त्या सगळ्यांची नावं. आमच्याकडं लग्नात पाच-सहा वडीलधाऱ्यांच्या हातात नारळ ठेवला की मानपान संपतो. इथं माइकवरून नाव पुकारतात, माणूस उठतो, टोपी घालतात, टॉवेल देतात, पुढचं नाव. मी पानं उलटत गेले. तीनशेच्या वर नावं होती.

"ही एकामागून एक येणार ना व्हिडिओत?" मी विचारलं.

"न्हाई, न्हाई!" भास्करराव दचकलेच. "एकामागून एक बिलकुल नको. थोरलीच्या लग्नात तसंच केलं व्हतं. माझ्या मेव्हण्याचं नाव व्याह्याच्या चुलत्याच्या मागून आलं, तो दोन वर्सं माझ्या दारात आला न्हाई. म्हणून म्या सविताबाईला बजावून सांगतलं, सगळे नावं एकदमच दिसले पाह्यजेत. एकाच टायमाला, एकाच मापाचे, आन् सगळ्याह्यला सारखी चमक. कुणी आधी न्हाई, कुणी मागून न्हाई."

"आणि सवितानं तसं केलं?"

"बराबर तसंच केलं. लई गुणाची पोरगी. बबनराव, कुठं हाय ती?"

बबनराव येसरची वाटी बघत राहिले.

मी ओसरीवर जाऊन बसले. प्रोग्राममध्ये नावाची चमकती पट्टी मीच बनवली होती. एका पट्टीच्या चमकेला कार्डाला थोडीशी मेहनत लागते. पुण्यात मी ती तपासली होती डझनभर नावांवर, एकामागून एक. तीनशे माणसांना एकाच क्षणी, एकाच मानानं पडद्यावर उभं करायची गरज कुणाला पडेल, हे मला सुचलंच नव्हतं, कारण माझ्या ओळखीत कुणाचा मेव्हणा दोन वर्षं रुसलेला नाही. माझा प्रोग्राम त्या तीनशे चमका तुकडे न करता एकाच ओझ्यात बांधून टोळीच्या डोक्यावर देत होता. टोळी वाकली. मुकादमानं रीसेट केलं. अल्बमच्या प्रोग्रामनं विचारलं, माझ्यामुळं का? नाही म्हटल्यावर तो आपलं चित्र मांडून कामाला लागला. माझ्यानं काही विचारलं नाही. तेच ओझं पुन्हा दिलं, पुन्हा दिलं, आणि दार बंद झाल्यावर माझी ती ओळ दाखवून मोकळा झाला. जतन न केलेलं काम सोबत घेऊन गेला.

ड्रायव्हरनं बारा वेळा खरं लिहिलं होतं. मी त्याला खोटं पाडलं होतं, खुर्चीत सापडेल त्याचं नाव घेतो म्हणून. आणि त्याच दिवशी, खुर्चीत सापडली म्हणून सविताच्या वहीची शाई तपासली होती. मला तिथं ओसरीवर रडू आलं. भास्कररावांच्या पत्नी बाहेर आल्या आणि आमटी तिखट झाली का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

परतताना जीपमध्ये साहेबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "दुरुस्त कर, ते ठीक आहे. पण रिपोर्टात 'असामान्य वापर' असं लिही. बाकी कशाला उगाळायचं?" बबनराव शेजारीच होते. साहेबांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं की नाही, हा संशय मला पूर्ण रस्ताभर होता.

पुन्हा वाटूर

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सविताच्या दारात गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. चूक माझी, ओळ माझी, तुझी काही चूक नव्हती. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल.

"हे मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "मला कशाला सांगून राह्यल्या? बबनभाऊनं दुकानात चार लोकांसमोर म्हणलं होतं. तिथं सांगा."

"सांगते."

"तेच लोक पाह्यजेत," सखाराममामा आतून म्हणाले. "दुसरे नको."

मी सांगितल्यावरून बबनरावांनी भास्कररावांना फोन केला, त्या दिवशी स्टुडिओत बसलेल्यांना घेऊन व्हिडिओ बघायला या म्हणाले. ते येईपर्यंत मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसले आणि तात्पुरती दुरुस्ती केली. नावांचं ओझं तुकड्यातुकड्यानं द्यायचं. हातातलं काम दर थोड्या वेळानं जपून ठेवायचं. रीसेट झालं तर मुकादमाला विचारायचं, आणि दोष आपला निघाला तर ती चमक बाजूला ठेवून बाकी सगळं परत मांडायचं. बबनराव दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी उदबत्तीचं घर उचलून लांब खिडकीत ठेवलं.

चार वाजता भास्करराव आले, सोबत त्या दिवशी इथं बसलेले दोघं: नवरीचा मामा आणि तो रुसलेला मेव्हणा, म्हणजे भास्कररावांच्या बहिणीचा नवरा. खताच्या दुकानातली माणसंही दारात उभी राहिली. सविता वडिलांबरोबर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी स्टुलावर बसले होते, मशीनसमोरची तिची खुर्ची रिकामी होती.

मी तुकडे करायची दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवली. लोकांना हे दिसायला हवं होतं. तीनशे नावं एकदम लावली. पडदा काळा झाला. "गेलं पुन्हा!" मेव्हणे ओरडले. तात्पुरत्या दुरुस्तीवर माझा स्वतःचाही भरवसा नव्हता. पुढची दोन-तीन सेकंदं मी आयुष्यात विसरणार नाही. मग अल्बमचं पान परत आलं, आणि त्याच्या मागोमाग आमचं. सगळी नावं जागच्या जागी, चमक तेवढी नाही.

मी उठून उभी राहिले. कॉलेजात भाषणाच्या नावानं ताप यायचा मला. "महिनाभर जे बंद पडत होतं, ते सविताबाईंमुळं नाही," मी म्हटलं. "प्रोग्राम मी लिहिला, चूक त्यात आहे. तुम्ही सांगितलं तसंच त्यांनी केलं, आणि ते बरोबर केलं. वापरणाऱ्याची चूक, ही जी ओळ यायची, ती खोटी होती. तीही मीच लिहिली."

बबनरावांनी फोन काढला, तो फोटो शोधला, आणि सगळ्यांना दिसेल असा पुसून टाकला. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "सविता, बस. चुकलं माझं," ते म्हणाले, आणि लगेच चहा सांगायला बाहेर गेले. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले, धुरामुळं म्हणावं तर उदबत्ती लांब होती.

सविता खुर्चीत बसली. मी तुकडे करायची दुरुस्ती चालू केली. तीनशे नावं एकदम, एकाच मापाची, सारखीच चमकत पडद्यावर आली. मेव्हण्यांनी आपलं नाव शोधलं, बोट लावून आजूबाजूची मोजली, आणि समाधानानं खाली बसले. भास्कररावांनी सविताच्या डोक्यावर हात ठेवला.

ती पडद्याकडंच बघत होती. "ताई," ती म्हणाली, "परत कधी असं झालं, तर ह्याच्यावर काय लिहून येईल?"

मी ते ठरवलं नव्हतं. तिनं खुर्ची सोडली नाही, लॅपटॉप तेवढा माझ्याकडं सरकवला. मी विचार करून लिहिलं: 'आमच्या प्रोग्राममध्ये चूक झाली. तुमचं काम शाबूत आहे.' तिनं मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"खाली नाव टाका," ती म्हणाली.

"कंपनीचं?"

"तुमचं. माझं नाव परतूरपर्यंत गेलं. तुमचं इथं तरी येऊ द्या."

साहेब काय म्हणतील ते डोळ्यांपुढं आलं. दारातली माणसं बघत होती, सखाराममामा बघत होते. मी नाव टाइप केलं, आणि आडनाव लिहायचं टाळतेय हे तिच्या लक्षात आलेलं बघून आडनावही टाकलं.